शिंपला उघडायचा स्क्रूवाला ओपनर (मोती शेतीच्या सेटमधला): वापरून पाहिल्यावरचं मत

आधी वस्तू काय आहे ते सांगते. गोड्या पाण्यातल्या मोती शेतीसाठी जो छोटा शस्त्रक्रियेचा सेट मिळतो ना, त्यातला शिंपला उघडायचा ओपनर. स्टीलचा आहे, हातात मावतो, दोन दांडे दाबले की पुढची चोच उघडते म्हणजे साध्या पकडीच्या बरोब्बर उलटं काम, आणि दोन्ही दांड्यांच्या मधात एक आडवा स्क्रू आहे ज्याच्यावर एक चपटी चकती फिरते. ती चकती बोटानं फिरवली की चोच जितकी उघडली तितकीच अडकून राहते, मग हात सोडला तरी चालतं. सेटमध्ये याच्यासोबत दोन सुया, एक चपटी पट्टी, चिमटा, मणी आत सरकवायची नळी आणि लाकडाच्या दोन-चार पाचरी येतात. पण मी इथं ओपनरबद्दलच लिहिणार, बाकी सामान ठीकठाक आहे, त्यात सांगण्यासारखं फार नाही. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही कारण याच घडणीचा ओपनर ऑनलाइन बरेच जण विकतात आणि खाली मी त्याच्या तक्रारीही लिहिल्यात.

माझं म्हणणं सरळ आहे, घ्यायचाच असेल तर स्क्रूवालाच घ्या, बिनस्क्रूचा साधा घेऊ नका, दोन पैसे वाचतात म्हणून तर अजिबात नाही. आणि याचं कारण स्टीलमध्ये नाही, शिंपल्यात आहे. ते कारण नीट कळलं तर ओपनर कसा फिरवायचा तेही आपोआप कळतं, म्हणून थोडं लांबणार आहे, वाचा.

आमचा बचत गट साकोलीकडचा, भंडारा जिल्हा. तलावांचा जिल्हा म्हणतात ते खोटं नाही, मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव हो) जवळपास प्रत्येक गावाला आहे, आणि आता शेततळीही झाली आहेत. तलावात शिंपल्या भरपूर, शास्त्रीय नाव लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस, काळपट-तपकिरी, तळहाताएवढ्या होतात. ढीवर काकाजी मासोळी धरता धरता गाळातून काढून देतात. त्यातच मणी बसवायचा आणि वर्ष-दीड वर्ष तलावात टांगून ठेवायचं, मण्यावर मोत्याचा थर चढतो, मोती शेती म्हणजे एवढंच. भुवनेश्वरजवळ कौसल्यागंगाला सिफा म्हणून आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) संस्था आहे, गोड्या पाण्यातल्या मोत्याचं तंत्र आपल्या देशात तिनंच बसवलं आणि आता सगळीकडे जे ट्रेनिंग चालतं ते थोडंफार तिच्याच पद्धतीवर चालतं. मी प्राणीशास्त्र घेऊन बीएस्सी केलं म्हणून गटातल्या बायकांनी शस्त्रक्रियेचं काम माझ्याकडे दिलं.

तर आता शिंपला. जेवून झाल्यावर उरलेला नाही तर तलावाकाठी पडलेला रिकामा शिंपला हातात घ्या आणि आतून बघा. मोतिया चमक असते, त्या चमकेत बिजागरीच्या खाली दोन्ही टोकांना एक-एक गुळगुळीत लंबगोल डाग दिसतो, बोट फिरवलं तर किंचित खोलगट लागतो. तिथं स्नायू चिकटलेला होता. पुढचा एक, मागचा एक, दोन्ही एका शिंपेतून निघून समोरच्या शिंपेला जाऊन चिकटतात. त्यांना ॲडक्टर म्हणतात, म्हणजे दोन्ही शिंपा जवळ ओढणारे. आणि बिजागरीवर जी काळपट, रबरासारखी पट्टी असते ती लिगामेंट, ती स्प्रिंगचं काम करते पण उलटं, ती कायम शिंपला उघडायलाच बघते. शिंपला उघडणारा स्नायू नाहीच! बंद करणारे स्नायू आहेत, उघडायचं काम स्प्रिंग करते. म्हणूनच मेलेला शिंपला आपल्यानं उघडून पडतो. जिवंत आहे आणि बंद आहे म्हणजे आत दोन स्नायू त्या स्प्रिंगच्या विरुद्ध धरून बसलेत, सकाळपासून, कालपासून, कधी कधी कित्येक दिवसांपासून. मे महिन्यात तलाव आटला की गाळात रुतून बंद पडलेल्या शिंपल्या काकाजींनी किती वेळा दाखवल्या, पाणी नाही, खाणं नाही, आणि तरी नख जाणार नाही अशा घट्ट.

आता तुम्हीच करून बघा, भरलेली पाण्याची बादली हात लांब करून धरा. दोन-चार मिनिटांत खांदा भरून येतो, हात थरथरतो. का, तर आपल्या स्नायूला नुसतं धरून ठेवायलाही सतत ऊर्जा जाळावी लागते. आत मायोसिनचे जाड तंतू आणि ॲक्टिनचे बारीक तंतू असतात, मायोसिनची डोकी ॲक्टिनला पकडतात, ओढतात, सोडतात, परत पकडतात, आणि दर वेळी एक एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च होतो. बादली तसूभर वर गेली नाही तरी आत हे पकड-सोड चालूच. मग शिंपला काय करतो? त्याचे स्नायू थकत काहून नाहीत?

हा प्रश्न जुना आहे, आणि गंमत वाटेल पण त्यात पाव्हलोव्ह येतो, तोच, कुत्र्यांच्या लाळेवाला. कुत्र्यांच्या कामाच्या बरंच आधी, १८८५ मध्ये, त्यानं शिंपला उघडतो कसा यावरच एक शोधनिबंध लिहिला होता, आणि त्याचा शिंपला होता ॲनोडोंटा, गोड्या पाण्यातला, आपल्या तलावातल्या शिंपलीच्याच कुळातला. त्यानं दाखवलं की ॲडक्टरला दोन प्रकारच्या नसा आहेत, एक आवळायला सांगणारी आणि दुसरी वेगळी, सोडायला सांगणारी. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या हाताच्या स्नायूला सोड म्हणून सांगावं लागत नाही, आवळ म्हणणारा संदेश थांबला की तो आपोआप ढिला पडतो. शिंपल्याचा तसा पडत नाही. त्याला सोड म्हणून वेगळं सांगावं लागतं, तोवर तो धरून राहतो.

मग १९१० मध्ये याकुब पार्नास नावाच्या शास्त्रज्ञानं (पुढे ग्लायकोलिसिसमध्ये, म्हणजे पेशी साखर मोडून ऊर्जा कशी काढते त्या शोधात, ज्याचं नाव आलं तोच) शिंपल्याच्या ॲडक्टरवर भार देऊन ऊर्जेचा हिशोब मांडला, आणि भार धरून ठेवताना ऑक्सिजनचा खर्च काही वाढला नाही. म्हणजे वजन अंगावर, आणि खर्च आरामात बसल्यासारखा. या अवस्थेला कॅच म्हणतात. ट्रॅक्टरची ट्रॉली जॅकवर उभी केल्यासारखं आहे हे, वर उचलताना हापसावं लागतं, दम लागतो, पण एकदा वर गेली की माल सगळा जॅकवर, कोणाच्या हाताला ओझं नाही, रातभर उभी ठेवा, आणि खाली आणायची तर बाजूचा व्हॉल्व्ह फिरवावा लागतो, दांडा उपटून ती खाली येत नाही.

हा व्हॉल्व्ह म्हणजे काय ते समुद्रातल्या मसलवर सापडलं. युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यावर खडकांना चिकटलेले निळे-काळे मसल असतात, मायटिलस. ते दोऱ्यांनी खडकाला बांधलेले असतात आणि आतून एक स्नायू त्या दोऱ्यांना ताणून धरतो, त्याचं लांबलचक नाव आहे, छोटं करून एबीआरएम म्हणतात. लाटांवर लाटा आदळतात आणि तो स्नायू धरून असतो. प्रयोगाला हा फार सोयीचा, कारण लांब आणि सरळ, एका टोकाला बांधा आणि ताण मोजा. ॲसिटिलकोलिन (नसेचा संदेश स्नायूला पोचवणारं रसायन) टाकलं की आवळतो. आवळताना स्नायूपेशीत कॅल्शियम वाढतं, तसं आपल्याकडेही वाढतं. पण मग कॅल्शियम परत खाली येतं, ॲसिटिलकोलिन धुवून टाका, ताण तसाच. पेशी शांत, ताण कायम. मग सेरोटोनिन (तेही नसांचा संदेश नेणारं रसायन) टाका, पटकन ढिला. बेटी ट्वारोग नावाच्या बाईनं हे शोधलं, छापून मात्र ते उशिरा, १९५४ मध्ये आलं, आणि मसलच्या या स्नायूवरून तिला हे रसायन इतकं महत्त्वाचं वाटलं की प्राण्यांच्या मेंदूतही ते असेल असं तिनं धरलं आणि अर्विन पेजसोबत शोधून दाखवलं, १९५३ मध्ये. आज डिप्रेशनच्या गोळ्यांच्या निमित्तानं ज्या सेरोटोनिनचं नाव घरोघरी झालं, त्याची मेंदूतली ओळख एका शिंपल्याच्या स्नायूपासून निघाली! मी हे वाचलं तेव्हा गटातल्या सगळ्यांना सांगत सुटले होते.

पुढचं काम फिलाडेल्फियाच्या सीगमन, बटलर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९८ च्या सुमारास केलं. या स्नायूत ट्विचिन नावाचं एक अवाढव्य प्रथिन असतं, आपल्या स्नायूतल्या टायटिनचं नातेवाईक, जाड तंतूला चिकटलेलं. सेरोटोनिन आलं की पेशीत सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत निरोप पोचवणारा रेणू) वाढतं, त्यानं एक एन्झाइम जागं होतं, ते ट्विचिनवर फॉस्फेट चिकटवतं, आणि फॉस्फेट लागलं की कॅच सुटतो. फॉस्फेट काढलं की परत कॅच लागू शकतो. पकड नेमकी कोण धरतं, मायोसिनचीच डोकी न सोडता अडकून बसतात की ट्विचिन स्वतःच जाड आणि बारीक तंतूंच्या मधात सांधा बनतं, यावर शास्त्रज्ञांत बराच वाद झालाय, पण चावी ट्विचिनवर आहे हे पक्कं.

आणि ताकद? ती वेगळी गोष्ट, ती तंतूंच्या घडणीत आहे. आपल्या हातापायांच्या स्नायूत मायोसिनचा जाड तंतू साधारण १.६ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) लांब असतो. मसलच्या एबीआरएममध्ये तो वीस-तीस मायक्रोमीटर आणि त्याहूनही लांब असतो, आणि जाडीलाही कितीतरी जास्त. एकाच तंतूवर जेवढी जास्त डोकी एका दिशेनं ओढतील तेवढा त्या तंतूवर ताण साठतो, म्हणून लांब तंतू म्हणजे जास्त जोर. पण साधा तंतू एवढा ताण सहन करेल का? सगळ्या डोक्यांचा ओढा तंतूच्या मधोमध येऊन साचतो, तिथंच तुटायला पाहिजे. तर या तंतूंचा गाभा पॅरामायोसिन नावाच्या प्रथिनाचा असतो, दाट रचलेला, आणि मायोसिन फक्त वरच्या सालीसारखं. शिवाय तंतू मधात जाड आणि दोन्ही टोकांना निमुळता. म्हणजे जिथं भार जास्त तिथं माल जास्त. आपल्या स्नायूचा जोर चौरस सेंटीमीटरमागे दोन-तीन किलोच्या घरात असतो, या शिंपल्याच्या स्नायूचा दहा किलो आणि वर. नखाएवढा, समजा अर्धा चौरस सेंटीमीटरचा असा स्नायू धरला तरी पाच किलो झालं, आणि तेही न थकता. फक्त वेग नाही त्याला, हळू आवळतो, हळू सुटतो. वेगासाठी कित्येक शिंपल्यांच्या ॲडक्टरमध्ये दोन भाग असतात, एक पटकन बंद करणारा आणि एक धरून ठेवणारा. समुद्रातल्या स्कॅलपमध्ये तर हे डोळ्यांनी दिसतं, मोठा भाग पोहायला आणि बाजूला चिकटलेला छोटा चंद्रकोरीसारखा भाग धरून ठेवायला.

आता परत ओपनरवर येते. हे सगळं डोक्यात ठेवून बघा, साध्या बिनस्क्रूच्या ओपनरनं आपण काय करतो? शिंपल्याच्या कडेत चोच घालतो आणि हातानं दांडे दाबतो. समोर जो स्नायू आहे तो कॅचमध्ये आहे, तो ओढत नाहीये, तो सोडत नाहीये, यात फार फरक आहे. ओढणाऱ्याला दमवता येतं. न सोडणाऱ्याला तुम्ही दमवू शकत नाही, कारण त्याचा खर्च जवळजवळ होतच नाहीये, दमतो तो तुमचा हात. हात दमला की दाब कमी होतो, शिंपला मिटतो, चोच आतल्या नाजूक पडद्यावर बसते. मग आपण परत जोर लावतो, आता आधीपेक्षा जास्त, रागानं, आणि मग दोनपैकी एक होतं. एक तर शिंपेची कड टचकन उडते, नाही तर आतून एक ओला, फाटल्यासारखा आवाज येतो आणि हाताखालचा विरोध एकदम संपतो. हा दुसरा आवाज वाईट. स्नायू डागावरून सुटला. दिसायला शिंपला छान उघडलेला दिसतो, कामही सोपं होतं, पण तो आता कधीच नीट बंद होणार नाही, दोन-तीन दिवसांत टाकीत उघडा पडतो आणि वास मारतो, सोबतच्यांचंही पाणी खराब करतो.

एका ट्रेनिंगमध्ये (कोणतं ते जाऊ द्या) आम्हाला साधाच ओपनर दिला होता आणि शिकवणारे सर म्हणत होते, ‘जोर लावा, घाबरू नका, मर्दासारखं दाबा’. आमच्या बॅचचे बरेच शिंपले त्यात गेले आणि मग सांगण्यात आलं की एवढी मर तर होतच असते. होत नसते. मला त्याचा अजूनही राग आहे, कारण बायकांनी गटाचे पैसे भरून ते शिकलं आणि चुकीचं शिकून घरी आल्या.

स्क्रूवाल्या ओपनरचं मोठेपण इथं आहे की तो जोराचं काम काढून घेतो. चोच दोन्ही शिंपांच्या मधात नखाएवढी गेली की चकती फिरवून अडकवायची, आणि हात सोडून द्यायचा. शिंपला तसाच ओल्या कपड्यावर. आता तोही धरून आहे आणि ओपनरही धरून आहे, दोघांचाही खर्च नाही. थोडं थांबायचं. पाण्याचा हबका द्यायचा. काही वेळानं चकतीवरचा दाब कमी झालेला बोटाला कळतो, चकती जी आधी गच्च होती ती सहज फिरते. म्हणजे आतून सुटायला लागलं. मग अर्धा आटा पुढे. परत थांबा. असं करत करत एका सेंटीमीटरच्या आतच थांबायचं, मणी सरकवायला तेवढी फट पुरते, त्याहून जास्त उघडायची गरजच नाही. चार ते सहा मिलीमीटरचा मणी असतो, त्याला दरवाजा लागत नाही. फट मिळाली की बाजूनं लाकडी पाचर बसवा आणि ओपनर काढून घ्या.

आमच्या काकाजींनी हे सगळं वाचलेलं नाही, पण पहिल्याच दिवशी मला म्हणाले होते, ‘ओढू नोको पोरी, पाण्यात ठेव, तो आपल्यानंच उघडते.’ पाव्हलोव्हची सोडणारी नस त्यांना ठाऊक नसेल, शिंपला ठाऊक आहे. सोडायचा हुकूम शिंपल्याच्या आतूनच यावा लागतो, बाहेरून जोरानं तो देता येत नाही.

पण नुसत्या ओपनरवर सगळं ढकलू नका. तलावातून आणल्या आणल्या शिंपला उघडायला बसलात तर स्क्रूवालाही कामाचा नाही. सिफाची पद्धत अशी की आधी दोन-तीन दिवस शिंपले साठवून ठेवलेल्या नळाच्या पाण्यात, दाटीवाटीनं, लिटरमागे एक शिंपला या हिशोबानं ठेवायचे. त्यानं ॲडक्टर कमजोर होतात आणि शस्त्रक्रियेला सोपं जातं. हे वगळू नका. कित्येक जण घाईत वगळतात आणि मग ओपनर खराब आहे म्हणून एक तारा देतात, तशा तक्रारी वाचून मला वाईट वाटतं. समुद्रातल्या मोत्यांच्या कामात मेन्थॉल वापरून शिंपला सुस्त करतात, आपल्याकडे सीएमएफआरआयनं (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं) १९७३ मध्ये तमिळनाडूत तुतिकोरिनकडे पहिल्यांदा मोती घडवला, त्या कामाच्या लिखाणात ते येतं. आपल्या गोड्या पाण्याच्या कामात मात्र मी दाटीचाच उपाय सांगेन, त्याला काही विकत घ्यावं लागत नाही.

आता तक्रारी, कारण आहेत.

पहिली आणि मोठी, चोचीचे कोपरे. कारखान्यातून आलेत तसे धारदार आहेत. शिंपल्याच्या कडेला आतून जो पातळ पडदा असतो, मँटल, तोच मोत्याचा थर घालतो, म्हणजे आपली सगळी कमाई त्या पडद्यावर. आणि नवीन ओपनरचा कोपरा नेमका तिथंच खुपतो. उजेडात धरून बघा, शिंपला थोडा उघडला की मँटलची कड आत ओढून घेताना दिसते, मऊ, किंचित पिवळसर. चोच बसवताना ती कड आत जाईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे सरकायचं. मी तर आल्याबरोबर बारीक पॉलिश पेपरनं, पाणी लावून, चारही कोपरे घासून गोल केले, नखावर फिरवून ओरखडा येत नाही इथपर्यंत. विकणाऱ्यानं हे स्वतः करून पाठवायला पाहिजे, त्याला काय अवघड आहे.

दुसरी, स्क्रू. दांडे स्टेनलेस आहेत, पण स्क्रू त्या दर्जाच्या स्टीलचा वाटत नाही, आट्यांत लालसर गंज धरतो. काम झालं की गोड्या पाण्यात धुवा, पुसून कोरडा करा आणि आट्यांना खोबरेल तेलाचा एक थेंब. मशीनचं तेल लावू नका, ते नंतर टाकीच्या पाण्यात जातं. गंजलेला आटा अडकत अडकत फिरतो आणि मग बोटाला तो दाब कमी झाल्याचा जो अंदाज येतो ना, तोच येईनासा होतो, आणि या ओपनरचा अर्धा जीव त्या अंदाजात आहे.

तिसरी, दांडे लांब आहेत. पुरुषांच्या हाताला धरून बनवलेत हे उघड दिसतं. आमच्या गटात बारीक हाताच्या बायका आहेत, त्यांना सुरुवातीचं दाबणं जड जातं. त्यावर उपाय म्हणजे दाबायचंच नाही, आधी चोच मिटलेली ठेवून पातळ पट्टीनं फट करा, मग चोच घाला आणि पुढचं काम चकतीनंच करा. चकतीला जोर लागत नाही. पण छोट्या मापाचा ओपनर कोणी बनवत असेल तर मी पहिली गिऱ्हाईक.

सोबतचा कागद इंग्रजीत आहे, त्यात चित्रं ठीक आहेत पण थांबा, वाट बघा असं कुठंच लिहिलेलं नाही. मी मराठीत एक पान लिहून गटाच्या खोलीत चिकटवलं, ज्यांना पाहिजे त्यांनी मागा, देते.

किमतीचं म्हणाल तर पूर्ण सेट साध्या सेटपेक्षा महाग पडतो, पण दोन-तीन जणींत एक पुरतो, कारण पाचर बसली की ओपनर मोकळा होतो आणि पुढच्या शिंपल्याला लागतो. प्रत्येकीला वेगळा घ्यायची गरज नाही. पाचरी मात्र जास्त लागतात आणि सेटमधल्या चार पुरत नाहीत. बाभळीच्या नाही तर सागाच्या ढलपीच्या घरीच करा, पण वाळलेलं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि फट आपोआप वाढते, ज्या स्नायूला आपण इतका वेळ सांभाळलं तो पाचरीनंच ताणला जातो. पाचर चार-पाच मिनिटांच्या वर ठेवू नका, मणी बसला की लगेच काढा आणि शिंपला हातात धरून बंद होतो का ते बघा. हळूच बोटानं टिचकी मारा. बंद झाला, आणि घट्ट झाला, की स्नायू शाबूत आहे, त्याला जाळीच्या पिशवीत घालून देखरेखीच्या टाकीत सोडा, तिथं दहा दिवस औषधाच्या पाण्यात ठेवायचा असतो, मग तलावात. अर्धवट बंद होऊन थांबला तर वेगळ्या टाकीत ठेवा, चांगल्यांत मिसळू नका, रोज दोनदा बघा.

मोती विकून लाखो मिळतात असे व्हिडिओ भरपूर फिरतात, त्याबद्दल मी इथं काहीच सांगत नाही, बाजार हा वेगळा विषय आहे आणि त्यावर आमच्या गटाचा पुरा हिशोब झाला की स्वतंत्र लिहीन. हा रिव्ह्यू ओपनरचा आहे आणि ओपनरला मी पाचपैकी चार देते, एक तारा कोपऱ्यांसाठी आणि गंजक्या स्क्रूसाठी कापला. विकणाऱ्यानं चकतीचा सुटा स्क्रू वेगळा विकायला सुरू केला तर तोही एक घेऊन ठेवा, कारण खराब होईल तर तोच आधी होईल, आणि गावाकडे त्या आट्याचा स्क्रू मिळत नाही, मी साकोली आणि भंडारा दोन्हीकडच्या हार्डवेअरवाल्यांकडे विचारून पाहिलं.